दुसऱ्याच्या नावाचे बक्षीस

गेल्या दिवाळी अंकात मी माळ्यावरच्या पितळी डब्यांविषयी लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनीचे पत्र आले. 'जुन्या भांड्यांचा एवढा कैवार घेता, तर ज्या जुन्या संस्थांनी आपल्याला शहाणे केले त्यांच्याविषयीही एकदा लिहा,' असे त्यांनी सुचवले होते. मी त्यांना उत्तर धाडले नाही. आळस हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, त्याच सुमारास मी माझ्या जुन्या कॉलेजच्या एका प्रकरणात गळ्यापर्यंत बुडाले होते आणि त्यातून काय निघणार ते माझे मलाच कळत नव्हते. आता वर्ष उलटले आहे. तेव्हा त्या भगिनींना हे जाहीर उत्तर.

आमची तुकडी १९७४ ची. त्या वर्षी बी. ए. झालेल्यांपैकी ४१ जणांचा पत्ता आमच्या एका उत्साही मैत्रिणीने लावला, मोबाइलवर आमचा एक गट केला, आणि पदवीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०२४ मध्ये कोथरूडच्या एका कार्यालयात सर्वांना जेवायला बोलावले. अशा मेळाव्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. पहिला अर्धा तास एकमेकांना ओळखण्यात जातो, दुसरा अर्धा तास 'तू मुळीच बदलली नाहीस' हे धादांत असत्य परस्परांना सांगण्यात जातो, आणि उरलेला सगळा वेळ गुडघ्यांवर जातो. जिलबी मात्र उत्तम होती.

जिलबीनंतर कॉलेजला काहीतरी देण्याचा विषय निघाला. नंदन नीलेकणींनी २०२३ साली मुंबईच्या आय. आय. टी. ला, म्हणजे आपल्या जुन्या कॉलेजला, ३१५ कोटी रुपये दिले, ही बातमी कोणीतरी आठवण करून दिली. पेन्शनरांच्या सभेत असा आकडा उच्चारल्यावर जी शांतता पसरते ती पसरली. ती मोडली सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका वर्गबंधूंनी. "आपण प्रवेशद्वाराशी कमान बांधू," ते म्हणाले. "काळ्या दगडाची. वर आपल्या तुकडीचं नाव आणि साल. शंभर वर्षं हलणार नाही." अंदाज बारा लाखांचा. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, उगाच खोटे कशाला बोलू? मी बँकेत नोकरी केली हे कोणाला तरी आठवले आणि मला खजिनदार करून कॉलेजात बोलणी करायला पाठवण्यात आले.

ज्या कॉलेजच्या नावाने आपण गहिवरतो त्याच्या फाटकातून मी बावीस वर्षांनी आत शिरत होते. राहते पुण्यातच. बसने पाऊण तास. हा हिशेब मी त्या दिवशी पायऱ्या चढताना केला आणि तो मला फारसा आवडला नाही.

प्राचार्या बाई तरुण. आम्ही पदवी घेतली तेव्हा त्या जन्मल्याही नसतील. त्यांनी कमानीची कल्पना शांतपणे ऐकून घेतली, चहा मागवला, आणि मग जरा संकोचून म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका. माजी विद्यार्थ्यांनी दिलेली अकरा कपाटं आहेत आमच्याकडे. प्रत्येकावर पाटी आहे. कपाटं उघडायला माणूस नाही."

मी चहाचा पेला खाली ठेवला. मग एकेक गोष्ट समजत गेली. ग्रंथालयातली दोन माणसे निवृत्त झाली आणि त्या जागा भरल्या गेल्या नाहीत. शिकवणाऱ्यांतले कितीतरी जण तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढे पैसे. वाचनालय पाच वाजता बंद होते. आणि मुले तर अर्धी-अधिक कुठे ना कुठे कामाला. कोणी औषधांच्या दुकानात, कोणी घरोघर जेवण पोचवणारा. ती मोकळी होतात तेव्हा वाचनालयाला कुलूप असते. "कमान बांधा हो," बाई हसून म्हणाल्या. "नॅकची समिती येते तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी काय केलं ते आम्हांला लिहून द्यावं लागतं. फोटो छान येईल."

बँकेची सवय जात नाही. जुन्या देणग्यांचा हिशेब कसा ठेवला आहे तो पाहावा म्हणून मी वही मागितली. कार्यालयातल्या गृहस्थांनी बक्षिसांची एक लांबट, कापडी पाठीची नोंदवही काढून दिली. देणगीदाराचे नाव, पत्ता, कोणाच्या स्मरणार्थ, मुद्दल, बक्षिसाची अट आणि रक्कम. अशी ३८ बक्षिसे. सतराव्या पानावर माझे बोट थांबले.

आता थोडे मागे जायला हवे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. आमचे गाव नगर जिल्ह्यातले, शेती कोरडवाहू. वडील माझ्या शिक्षणाला कधी नाही म्हणाले नाहीत. पण १९७३ च्या फेब्रुवारीत त्यांचे कार्ड आले की, मनिऑर्डरीला दोन आठवडे उशीर होईल, तोवर कसे तरी भागव. खाणावळीच्या काकूंकडे आधीच मागची बाकी होती. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही महाग ज्वारी विकत घ्यावी लागत होती. गावाला परत जावे, परीक्षा पुढच्या वर्षी पाहावी, असे ठरवून मी ट्रंकेत कपडे भरलेदेखील होते. त्याच आठवड्यात कॉलेजचा बक्षीस समारंभ झाला. दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्रात मुलींमध्ये पहिली, म्हणून मला एक पाकीट मिळाले. त्यात पंचवीस रुपये होते. पंधरा दिवसांचे दोन्ही वेळचे जेवण त्यात निघाले. मग मनिऑर्डर आली, ट्रंक रिकामी झाली, मी परीक्षेला बसले, आणि पुढे पदवी, बँक, संसार हे सगळे ओळीने घडत गेले.

सतराव्या पानावर ते बक्षीस होते. एका गृहस्थांनी आपल्या मुलीच्या स्मरणार्थ १९५६ साली ५०० रुपये ठेवले होते. पाच टक्क्यांनी वर्षाचे २५. मुलगी याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना गेली. तिचे नाव मी इथे लिहीत नाही; तिच्या घरच्या कोणाला मी विचारलेले नाही. पत्ता मात्र मी दोनदा वाचला. ज्या पेठेतल्या शाखेत मी सहा वर्षे काउंटरवर बसले, तिथून ते घर चार मिनिटांच्या अंतरावर. आणि समारंभाचे आमंत्रण पोचल्याच्या रकान्यात त्या गृहस्थांची दरसाल सही होती, १९८१ पर्यंत. म्हणजे मी पाकीट घेतले त्या दिवशी ते सभागृहात असणार. मी पुष्कळ आठवून पाहिले. मला फक्त पाकीट आठवते.

आणि बक्षिसाची आजची रक्कम? तीच. पंचवीस रुपये. दानपत्रात पंचवीस लिहिले आहे म्हणून पंचवीस. व्याजाचे दर वर गेले तेव्हा वरचे चार-दोन रुपये कोठल्याशा खात्यात जमा झाले, दर खाली आले तेव्हा तिथूनच भरून काढले गेले. कार्यालयाने यात एका पैचीही गफलत केली नव्हती. एका बापाचे दुःख सत्तर वर्षे अगदी नियमाप्रमाणे सांभाळले जात होते आणि त्याची किंमत दोन कप चहाएवढी उरली होती. "मुली पाकीट न्यायलाही येत नाहीत हो," कार्यालयातले गृहस्थ म्हणाले. "रिक्षाला जास्त पडतात."

मी त्या खुर्चीवर बसूनच हिशेब केला. आज पुण्यात मेसचे महिन्याला तीन हजार तरी होतात. माझ्या वेळचे पंधरा दिवस आजच्या मुलीला द्यायचे तर दीड हजार हवेत. त्यासाठी मुद्दल तीस हजार केले, साडेसहा टक्के व्याज धरले, तर वर्षाला साडेएकोणीसशे येतात. त्यातला चौथा भाग दरसाल मुद्दलात परत घालायचा. हे कलम सर्वांत महत्त्वाचे, ते नसेल तर पन्नास वर्षांनी आणखी कोणी पेन्शनर बाई इथे बसून हाच हिशेब करील. उरतात साधारण साडेचौदाशे. ३८ बक्षिसांना मिळून ११ लाख ४० हजार. कमान बारा लाखांची होती.

दुसरी सभा माझ्या घरी झाली. मी चिवडा आणि हिशेब दोन्ही पुढे ठेवले. चिवडा संपला. हिशेबावर बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मैत्रीण म्हणाली, "म्हणजे पैसे आपले आणि नाव दुसऱ्याचं?" हे तिने कुत्सितपणे म्हटले नव्हते. तिला खरोखरच ते चमत्कारिक वाटले. दुसरे एक जण म्हणाले, "आणि आता ते कॉलेज आपलं राहिलंय कुठे? आपला कडुलिंब तोडला, मराठीचा वर्ग जेमतेम भरतो, तिसऱ्या मजल्यावर कसले कसले कॉम्प्युटरचे कोर्स. आपण ज्या कॉलेजचे, ते कॉलेज आता नाहीच."

या बोलण्यात तथ्य होते. आम्हांला कॉलेजला भेटायचे नव्हते. आम्हांला वीस वर्षांच्या स्वतःला भेटायचे होते, आणि त्यासाठी एक दगडी कमान हवी होती. मला त्या वेळी नीट बोलता आले नाही. पण पुण्यातलीच एक हकीकत मी त्यांना सांगितली, ती इथेही सांगते.

येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत पुष्कळांनी पाहिली असेल. त्या संस्थेचे मूळ १८२१ साली विश्रामबाग वाड्यात निघालेल्या पाठशाळेत. तिचे पुढे पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव पडले, आणि १८६८ पासून ते सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या इमारतीत भरू लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकर इथले, टिळक आणि आगरकर इथले. अशा कॉलेजला १९३४ साली सरकारने टाळे लावले. त्या वेळी इथून शिकून गेलेले लोक केस पिकलेले वकील, प्राध्यापक, अधिकारी. त्यांना कॉलेज असून-नसून काय फरक पडत होता? स्वतःच्या पदव्या तर कोणी परत मागत नव्हते. पण माजी विद्यार्थ्यांची संघटना उठली, जमशेटजींची देणगी शिक्षणासाठी होती याचा आधार घेऊन कोर्टात गेली, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेजचे दार पुन्हा उघडले.

माझ्या मैत्रिणींना मला सांगायचा होता तो भाग याच्या पुढचा आहे. दार उघडले तेव्हा आत त्यांचे कॉलेज नव्हते. बी. ए. चे वर्ग परत आले नाहीत. आली ती पदव्युत्तर अभ्यासाची आणि संशोधनाची संस्था. पुरातत्त्व, भाषाशास्त्र, समाजशास्त्र असे विषय, ज्यांतले कितीतरी त्या वृद्धांनी विद्यार्थिदशेत ऐकलेही नसतील. हसमुख सांकळिया आणि इरावती कर्वे तिथे आले ते त्याच १९३९ साली. पुढे त्या जागेतून नेवासे आणि इनामगावची उत्खनने झाली, १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. ज्यांनी कज्जा लढवला त्यांना स्वतःच्या आठवणीतली बाके मिळाली नाहीत. तरी त्यांनी 'हे आमचे नव्हे' म्हणून पाठ फिरवली नाही.

"ते थोर लोक होते ग," माझी मैत्रीण म्हणाली. थोर होतेच. त्याच पुण्यात रँग्लर परांजपे होऊन गेले. फर्ग्युसनचा विद्यार्थी, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेला. विलायतेत किंवा सरकारी नोकरीत त्याला काय कमी होते? तो परत आला आणि आपल्याच कॉलेजात आजीव सदस्य म्हणून तुटपुंज्या पगारावर रुजू झाला, वर्षानुवर्षे प्राचार्य राहिला. माजी विद्यार्थ्याने कॉलेजला स्वतःलाच देऊन टाकायची ती रीत आता उरली नाही, आणि आमच्याकडून ती कोणी मागतही नव्हते. आमच्याकडून मागितले जात होते ते इतकेच की, काय द्यायचे ते आम्ही ठरवू नये.

मत घेतले. कमानीला २६, बक्षिसांना ११, चार जण तटस्थ. लोकशाहीत खजिनदाराला रडता येत नाही. पण मी एक सूचना मांडली, ती पास झाली. ज्या अकरा जणांना वाटते त्यांनी एकेक बक्षीस उचलावे. मग एक मजा झाली. जो तो वही चाळून आपल्या ओळखीचे नाव शोधू लागला आणि नाही सापडले तेव्हा अनोळखी नावांच्या प्रेमात पडला. आमच्यातल्या एका निवृत्त फौजदारांनी संस्कृतचे बक्षीस घेतले. त्यांना संस्कृतात पस्तीस गुण होते. "फिटलं एकदाचं," म्हणाले. सतरावे पान मी घेतले हे सांगायला नको. घरी हे म्हणाले, "तीस हजार? पंचवीस रुपयांचे?" मी म्हटले, "आणि पन्नास वर्षं तारीख टळलेली." यावर ते गप्प झाले. त्यांनीही बँकेतच नोकरी केली आहे.

कमान अजून परवानगीच्या फायलीत आहे. बांधकाम खात्यातले आमचे वर्गबंधू दर पंधरवड्याला पालिकेत खेपा घालतात आणि तब्येतीने सुधारले आहेत.

राहिली किल्ली. आम्ही पाच जणींनी वार वाटून घेतले आणि पाच ते आठ वाचनालय उघडे ठेवू लागलो. माझे वार मंगळवार आणि शुक्रवार. पहिले तीन आठवडे कोणी फिरकले नाही. मी एकटीने पंख्याखाली बसून दोन कादंबऱ्या वाचल्या. चौथ्या आठवड्यात पावसाने एक मुलगा आत आला आणि मग हळूहळू येऊ लागले. मुलांना पुस्तके काढून द्यायची म्हणजे काही विद्वत्ता लागत नाही. पण लवकरच लक्षात आले की, त्यांना पुस्तकापेक्षा भलत्याच गोष्टी अडलेल्या असतात. सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्काची, पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृहाच्या खर्चाची. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर करायचा. पैसे मंजूर होतात, पण मुलाचे खाते आधारला जोडलेले नसते, किंवा दहावीच्या दाखल्यावर नाव एक आणि आधारवर दुसरे. मग पैसे येता येता वाटेतच अडतात. मुलगा समजतो, आपल्याला मिळालीच नाही. तो कोणाला विचारत नाही, कारण विचारायला लाज वाटते. खात्याची ही भानगड सोडवायला बँकेत छत्तीस वर्षे घासलेली बाई बरी पडते. गेल्या वर्षी अशी कितीतरी खाती आम्ही मार्गी लावली. काही अडूनच राहिली. त्यांतल्या एका मुलाने कॉलेज सोडले, त्याचा फोन आता लागत नाही.

मोठ्या माणसांनी येऊन 'मी कसा घडलो' यावर चाळीस मिनिटे बोलावे, हा एक प्रकार माजी विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहे. आमच्या तुकडीतल्या दोघांनी तो केला. मुले सभ्य होती. नंतर मी वाचनालयात एकाला विचारले, "कसं झालं भाषण?" तो म्हणाला, "छान. पण मॅडम, सर घडले तेव्हा फी किती होती?" याच मुलाला नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतात ते आमच्यातल्याच एका गृहस्थांनी तीन शुक्रवार समोरासमोर बसून शिकवले. त्या तीन शुक्रवारांचा कोणी फोटो काढला नाही.

यंदाच्या बक्षीस समारंभाला मी गेले. पुढे बसायचा आग्रह झाला, पण मी शेवटच्या रांगेत बसले. तिथून सर्व सभागृह दिसते. सतराव्या पानावरचे नाव पुकारले गेले, ते त्या मुलीचेच, जिचे १९५६ पासून पुकारले जाते तेच, आणि मग यंदाच्या मानकरी मुलीचे. ती माझ्या शुक्रवारच्या मुलींपैकीच एक निघाली. सकाळी औषधांच्या दुकानात काम करते, गाव पारनेरच्या पुढे. पाकीट घेऊन ती खाली उतरली आणि माझ्या ओळखीची म्हणून माझ्याच शेजारी येऊन बसली. पाकिटात हल्ली नोटा नसतात; रक्कम खात्यात जमा होईल असे पत्र असते. तिने ते दोनदा वाचले.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "ही कोण होती हो?"

"इथेच शिकत होती," मी म्हटले. "दुसऱ्या वर्षाला. तुझ्याएवढी."

ती जरा वेळ त्या नावाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पैसे कधी जमा होतात? मेसवाल्यांना सोमवारी द्यायचेत."

मी उठून कार्यालयात विचारून आले. शुक्रवारीच होतात.